तीन चेंडू आणि प्लास्टिकचा माग

मला बसवत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही, तक्रार म्हणून सांगते, आणि तक्रार माझी माझ्याविरुद्धच आहे. मी ओट्याशी उभी राहून जेवते. टीव्ही लावला तर त्याच्यासमोर कपड्यांच्या घड्या घालते. लग्नाला गेले की वाढायला उभी राहते, म्हणजे पंगतीत बसावं लागत नाही. आई होती तेव्हा म्हणायची, ही पायाला भिंगरी लावूनच जन्माला आलीय. कामही मला तसंच मिळालं. सकाळी सहा ते अकरा मी स्कूटरवरून घरोघरी जाऊन लोकांचं रक्त घेते आणि लॅबमध्ये पोचवते. कुणाकडे दहा मिनिटांच्या वर थांबायचं नाही. कुणी चहाचं विचारलं तर पुढचा पेशंट उपाशी बसलाय म्हणून सांगायचं, आणि ते खरंच असतं.

दुपार मात्र जाता जात नाही. सोलापुरात बारा वाजल्यानंतर उन्हात बाहेर पडायची सोय नसते, आणि घरात बसायचं तर मला कुठं बसवतंय. अशाच एका दुपारी पुण्याच्या भावानं पाठवलेलं खोकं आलं. त्याची मुलगी कॉलेजात गेली, खेळणं अडगळीत पडलं, आणि त्याला टाकून देववेना. एकमेकांत बसणारे प्लास्टिकचे ठोकळे, दांड्या, दातेरी चाकं. मी ते कुणाला तरी देऊन टाकणार होते, पण तळाशी एक वेगळी पिशवी निघाली. तिच्यात बोटभर लांबीचे चार सिलिंडर, एक पिवळा हातपंप, बारीक नळ्या, हवा इकडून तिकडे वळवायचे तीन खटके आणि हवा साठवायची एक छोटी टाकी होती. पंप दाबला की सिलिंडरचा दट्ट्या बाहेर येतो, खटका उलटा केला की आत जातो. सेहेचाळीस वर्षांची मी बाई, त्या दुपारी फरशीवर मांडी घालून बसले आणि दिवेलागणीला उठले.

मला ते झटकन कळलं याचं कारण माझं काम. आम्ही रक्त घेतो त्या ट्यूबमधली हवा आधीच काढून ठेवलेली असते. सुई शिरेत गेली आणि ट्यूब लावली की रक्त आपसूक आत येतं. लोकांना वाटतं मी ओढते. त्यामुळे हवेनं ढकलणं आणि हवा काढून ओढून घेणं या दोन गोष्टी माझ्या रोजच्या हातातल्या होत्या. मी त्या खेळण्याचा एक पंजा केला, तो भुईमुगाची शेंग उचलून वाटीत टाकायचा. रबराची चकती लावून कॅरमची सोंगटी उचलणारा हात केला. गळती शोधायला शिकले. दाबाची गळती सोपी असते, नळी पाण्यात बुडवली की बुडबुडे दिसतात. ओढीची गळती दिसत नाही, ती कान लावून ऐकावी लागते. मी तासन् तास त्या नळ्यांना कान लावून बसायचे, आणि मागच्या खोलीतून वडील विचारायचे, "काय करलालीस गं? उंदीर शिरलाय का?"

वडिलांना आम्ही नान्ना म्हणतो. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागातलं, पद्मशाली विणकरांचं. घरातली भाषा अर्धी तेलुगू, अर्धी सोलापुरी मराठी, आणि भांडण पूर्ण तेलुगूत. नान्नांनी सगळा जन्म टॉवेल विणले. आधी दुसऱ्याच्या कारखान्यात, मग मागच्या खोलीत स्वतःच्या चार यंत्रमागांवर. जुने, धोट्याचे माग, म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडी धोटा असलेले. ते भंगारात गेल्यावर त्याच खोलीत त्यांनी आपली कॉट टाकली. फरशीत अजून मागांचे नटबोल्ट रुतलेले आहेत आणि ते बरोबर त्यांच्यामधून वाट काढत चालतात, अंधारातही ठेचकाळत नाहीत.

गेल्या वर्षी त्यांना हर्निया निघाला. जांघेत लिंबाएवढी गाठ यायची, आडवं झालं की जायची. ऑपरेशन करायचं ठरलं आणि भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली. बराच वेळ ऐकलं. मग टेबलावरून एक खेळणं काढलं. मी खेळणंच म्हणते. प्लास्टिकचे तीन उभे कप्पे, प्रत्येकात एक चेंडू, आणि बाजूला तोंडात धरायची नळी. नळीतून श्वास आत ओढला की चेंडू वर जातात. नान्नांनी ओढला. पहिला चेंडू निम्म्यापर्यंत गेला आणि पडला, बाकीचे दोन जागचे हलले नाहीत.

"दोन चेंडू वर जाऊन तीन आकडे मोजेपर्यंत तिथं राहिले पाहिजेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तोवर मी भूल देणार नाही. ऑपरेशननंतर या छातीनं खोकला बाहेर पडायचा नाही. हे घरी न्या, तीन आठवडे व्यायाम करा आणि या." मग मला बाहेर बोलावून हळूच सांगितलं, की गाठ कधी अडकली, आत जाईना, तर लगेच पोट उघडावं लागेल, आणि तेव्हा छाती तयार आहे की नाही हे विचारायला वेळ नसेल.

तीन आठवडे. मला तेवढं सांगणं पुरे झालं. घरी आल्यापासून मी त्यांच्या मागे लागले. सकाळी निघताना ओढा, आल्यावर ओढा, जेवणाआधी ओढा. नान्ना पहिल्या दिवशी त्यात फुंकत होते. मी सांगितलं, फुंकायचं नाही, छातीनं ओढायचं. दुसऱ्या दिवशी चेंडूंचं यंत्र कपाटावर गेलं. तिसऱ्या दिवशी ते कपाटाच्या मागे पडलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"नान्ना, मरायचंय का तुमाला?"

"चेंडू वर जाऊन काय व्हतंय?" ते म्हणाले. "परत खालीच येतंय की."

मी तणतणत स्वयंपाकघरात गेले. भांडी घासली, घासलेली परत घासली. आणि घासता घासता मला जाणवलं, की ते वाकडं बोलत नव्हते. ज्या माणसानं साठ वर्षं हात हलवला की टॉवेल पुढे सरकलेला पाहिलाय, त्याला चेंडू वर न्या आणि सोडा म्हणणं जडच जाणार. त्यांना काहीतरी चालवायला हवं होतं.

त्या दुपारी मी पंजा मोडला, सोंगट्या उचलणारा हात मोडला आणि माग करायला घेतला. वीतभर रुंदीची चौकट, तिच्यावर उभे वीस धागे ताणलेले, आणि आडव्या पट्टीवर घसरणारा प्लास्टिकचा छोटा धोटा. धोट्याला सिलिंडर जोडला. धोटा टोकाला पोचला की तिथली दांडी खटका पाडायची, हवा उलटी वळायची आणि धोटा परत निघायचा. पंपानं हवा भरून मी तो त्यांच्यासमोर चालवला. खट, खट, खट. नान्ना कॉटवरून उठून बसले. बराच वेळ नुसते बघत राहिले.

"उजवीकडं जाताना उशीर करतंय," ते म्हणाले. माझं काळीज सुपाएवढं झालं.

आता तो पंपाऐवजी त्यांच्या श्वासावर चालवायचा होता, आणि दाबावर नव्हे, ओढीवर. मी त्यांना नळी दाखवून म्हटलं, हे तोंडात धरून आत ओढायचं. ते हसले. हसल्यावर खोकले. खोकला थांबल्यावर कॉटखालची पेटी पुढे ओढली आणि तिच्यातून खरा धोटा काढला, लाकडी, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी, हाताळून गुळगुळीत झालेला.

"हे बघ. आत धाग्याची कांडी बसवायची. धाग्याचं टोक हितं, भोकापाशी आणायचं. आन् भायेरनं तोंड लावायचं." त्यांनी धोटा ओठांशी नेला, गाल आत घेतले आणि चट् असा आवाज काढला. "की धागा तोंडात. कांडी संपली की परत. आमी फुंकत नव्हतो अम्मा, ओढतच होतो. जन्मभर." मला ते अम्मा म्हणतात, लाडानं.

हे मला माहीत होतं आणि नव्हतंही. लहानपणी आम्हा भावंडांना मागावर कुठला टॉवेल लागलाय ते नान्नांच्या थुंकीवरून कळायचं. लाल, हिरवी, कधी निळी. आम्हाला त्याची गंमत वाटायची. धाग्याबरोबर रंग यायचा, आणि रंगाबरोबर कापसाची भुकटी, आणि ती कुठं जात होती ते डॉक्टरीणबाईंनी नळी लावून ऐकलं होतं. एकाच धोट्याला पाळीपाळीनं दोघं-तिघं तोंड लावायचे. अक्कलकोट रोडच्या नव्या कारखान्यांत आता हवेच्या झोतानं धागा फेकतात, धोटाच नसतो. नान्ना एकदा बघून आले आणि म्हणाले, लई आवाज करतंय, पण तोंड स्वच्छ राहातंय.

मी माझी सगळी अक्कल पणाला लावली. मासे पाळायच्या सामानाच्या दुकानातून एका बाजूनंच हवा जाऊ देणारी झडप आणली. तोंडाची नळी, मग झडप, मग टाकी, मग सिलिंडर. म्हणजे माणसानं थोडंसं जरी ओढलं तरी तेवढी हवा टाकीतून कायमची कमी व्हायची, परत आत यायची नाही. पुन्हा थोडं ओढायचं, ओढ साठत जायची, आणि धोटा साठलेल्या ओढीवर पळायचा. सगळ्या जोडांना कान लावून मी गळती काढली. एक सुस्कारासुद्धा शिल्लक ठेवला नाही. आपला म्हातारा बाप दमेल, तर त्याचा एकही घोट वाया जाऊ नये, असा माझा हिशोब.

आणि तो माग चालला. नान्नांनी नळी ओठांत धरली, धोटा खटखट पळायला लागला आणि थांबेचना. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, मग वीस, मग चाळीस. रोज दुपारी चारला ते तोंड धुऊन, शर्ट घालून तयार. कामावर निघाल्यासारखे. मी समोर स्टूल घेऊन बसायचे, कारण डावीकडचा खटका मधूनच अडकायचा आणि बोटानं सोडवावा लागायचा. चाळीस मिनिटं मी एका जागी, हाताला एवढंसंच काम. मलाच नवल वाटायचं. नान्ना माझ्याकडे बघायचे, धोट्याकडे बघायचे, ओढत राहायचे. मी भावाला फोनवर सांगितलं, तुझ्या पोरीच्या खेळण्यानं नान्नांची छाती सुधारली. फार मिजाशीत सांगितलं.

ज्या माणसाला गच्चीच्या आठ पायऱ्या चढून दम लागतो, तो चाळीस मिनिटं ओढतो आणि धापसुद्धा टाकत नाही, हे मला खटकायला हवं होतं. रोज लोकांच्या शिरा बघते, आणि समोर बसून एवढं दिसलं नाही.

तीन आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी चेंडूंचं यंत्र पुढे केलं. मी नान्नांच्या खांद्यावर हात ठेवून उभी होते, आता बघाच अशा थाटात. पहिला चेंडू वर गेला. दुसरा हलला आणि बसला.

"व्यायाम केला नाही का बाबा?"

"रोज चाळीस मिनिटं करतात," मीच म्हणाले. "माझ्यासमोर." आणि मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा बघितला. मग नान्नांच्या तोंडात साधी स्ट्रॉ दिली, एक हात छातीवर ठेवला आणि म्हणाल्या, "घरी ओढता तसं ओढा." नान्नांनी ओढलं. डॉक्टरीणबाईंनी माझा हात धरून त्यांच्या बरगड्यांवर ठेवला. बरगड्या हलत नव्हत्या. नाकानं श्वास चालू होता, सावकाश, नेहमीसारखा. हलत होते ते फक्त गाल.

"हे गालानं ओढतात," त्या म्हणाल्या. "जीभ आणि गाल. ओढ जबरदस्त आहे, पण छातीचा त्यात काही संबंध नाही. तुमचं मशीन छान आहे, पण त्याला एवढीशी हवा लागते. छातीला भरपूर हवा लागते." मग नान्नांकडे वळून विचारलं, "कुठं शिकलात हो हे?"

"मागावर," नान्ना म्हणाले.

रिक्षात माझा राग नक्की कुणावर होता ते मला ठरवता येत नव्हतं. मीच टाकी लावली, मीच झडप लावली, मीच घोटाघोटानं ओढ साठवायची सोय केली. मी माझ्या बापाला बरोबर धोट्यात धागा ओढायचं यंत्र करून दिलं होतं, ज्यानं त्यांची छाती गेली तेच. आणि तीन आठवडे गेले होते. सात रस्त्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली तर मला उतरून चालत सुटावंसं वाटलं.

घरी आल्यावर मात्र माझा बांध फुटला. तेलुगूत फुटला, तो इथं मराठीत लिहिते तेव्हा त्याची धार थोडी कमी होते. म्हटलं, तुम्हाला कळत होतं ना? छातीनं ओढायचं हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं. गालानं ओढताय हे तुम्हाला कळत होतं ना?

"व्हय," नान्ना म्हणाले.

"मग?"

ते कॉटवर बसले. गाठीवर हात ठेवून बसायची त्यांना सवय लागली होती.

"छातीनं ओढून बघितलो की. पयल्याच दिवशी. तीनदा ओढलं की दम संपतंय. थांबावं लागतंय." ते माझ्याकडे बघत नव्हते, मागाकडे बघत होते. "माग थांबला की तू उठतीस."

मी स्टुलाकडे बघितलं.

"गालानं कितीबी वेळ चालतंय," ते म्हणाले.

मी चहा टाकायच्या निमित्तानं आत गेले, हे सांगायलाही आता लाज वाटते. मी तेव्हाही उठलेच. ओट्याला टेकून उभी राहिले, आणि गेले तीन आठवडे डोळ्यांसमोरून सरकत गेले. शर्ट घालून तयार झालेले नान्ना. स्टुलावरची मी. मी त्यांच्याकडे बघत नव्हतेच, मी खटक्याकडे बघत होते. बाप गाल दुखेपर्यंत ओढत होता, आणि मला वाटत होतं माझी झडप फार चांगली बसलीय. मी रडले. मग चहा घेऊन बाहेर गेले, आणि दोघांनी तो प्यायला. मी स्टुलावर बसून प्यायले.

दुसऱ्या दिवशी मी तो माग उलटा विचार करून बांधला. झडप काढली. टाकी काढली. आणि तोंडाच्या नळीला एक जोड लावून त्याचं एक टोक उघडं ठेवलं. मुद्दाम गळती. हाताला पटत नव्हतं, दोनदा मी नकळत बोटानं ते भोक दाबून बघितलं. पण आता गालाचा झटका कितीही जोराचा असला तरी उघड्या भोकातून हवा आत यायची आणि धोटा नुसता दचकून जागच्या जागी राहायचा. संथ, लांब, छातीपासून ओढत राहिलं तरच तो सरकणार. प्लास्टिकच्या सिलिंडरला एवढीशी ओढ पुरेना, तो चिकटून बसायचा. म्हणून त्याच्या जागी लॅबच्या माळ्यावर पडलेली जुनी काचेची सिरिंज आणून बसवली. तिचा दट्ट्या नुसतं तिरकं धरलं तरी घरंगळतो.

एक श्वास, धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला. श्वास सोडला की रबर धोट्याला परत आणायचं.

नान्नांनी बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "भोक पाडलीस."

"पाडलंय. तुमी तीनदाच ओढायचं. मग थांबायचं. मग परत."

"आन् तू?"

"मी हाय हितंच."

सांगणं सोपं होतं. तीन श्वासांनंतर नान्ना नळी काढून, डोळे मिटून बसायचे. दोन मिनिटं, कधी पाच. त्या पाच मिनिटांत माझा पाय आपोआप हलायला लागायचा. गॅसवर काहीतरी आहे असं वाटायचं, नसायचं. गच्चीवरचे कपडे आठवायचे. फोन वाजला की जीव सुटल्यासारखं व्हायचं, पण मी तो उचलला नाही, कारण तो दुसऱ्या खोलीत मुद्दाम ठेवलेला असायचा. बसून राहणं हे अंगमेहनतीचं काम आहे हे मला तेव्हा कळलं. चौथ्या दिवशी नान्नांनीच माझ्यावर दया केली. म्हणाले, धागे नुसते ताणून ठेवलीस, एकाआड एक वर उचल की, कापड तरी होऊ दे. मग मी लाकडी पट्टीनं एकाआड एक धागे उचलून धरायचे, ते श्वास ओढायचे, धोटा आडवा धागा घेऊन खालून निघून जायचा. धोटा परत यायच्या आधी मी पट्टी फिरवून दुसरे धागे उचलायचे आणि फणीनं आधीचा धागा ठोकायचे. त्यांच्या श्वासांचं चार बोटं रुंदीचं कापड तयार व्हायला लागलं.

"काठ वाकडा येतंय," ते म्हणायचे.

"तुमी नीट ओढा, काठ सरळ येतंय."

दुसऱ्याच आठवड्यात ज्याची भीती होती ते झालं. दुपारी गाठ आली आणि आत जाईना. नान्ना आडवे पडले, गुडघे वर घेतले, घामानं बनियन भिजलं. मी येरझाऱ्या घालत रिक्षावाल्याला फोन लावत होते आणि दरवेळी चुकीचा नंबर लागत होता. लोकांची शीर शोधताना मी कधी चुकलेली नाही. नान्ना म्हणाले, "बस जरा." मी ओरडले, ही काय बसायची वेळ आहे का. ते परत म्हणाले, "बस की. तू फिरतीस, माजं पोट आवळतंय." मी कॉटच्या कडेला बसले. त्यांनी माझा हात आपल्या पोटावर ठेवला आणि आम्ही दोघं नुसते थांबलो. वीसएक मिनिटांनी गाठ आपणहून आत गेली. तेवढी लांब वीस मिनिटं मी कधी जगले नसेन.

त्यानंतर ते स्वतःच म्हणायला लागले, सकाळी एकदा माग लावू या. मी पहाटे निघायच्या आधी तीन श्वास, आल्यावर परत. तीनाचे चार झाले, चाराचे सहा. थांबायचा वेळ कमी होत गेला, आणि खरं सांगायचं तर तो कमी झालेला मला थोडा जाणवला.

तिसऱ्या वेळी दवाखान्यात मी खांद्यावर हात ठेवला नाही, कोपऱ्यात बसले. पहिला चेंडू वर गेला, दुसरा गेला. डॉक्टरीणबाईंनी मोठ्यानं तीन आकडे मोजले. तिसरा चेंडूसुद्धा तळ सोडून जरासा थरथरला. नान्नांनी नळी काढली आणि माझ्याकडे बघून गालावर बोट ठेवलं, म्हणजे बघ, हे नाही वापरले.

ऑपरेशनच्या दिवशी भाऊ पुण्याहून यायला निघाला होता, पण टेंभुर्णीजवळ कुठंतरी अडकला. बाहेर मी एकटीच. लोखंडी बाक होतं. ओळखीची नर्स दोनदा येऊन म्हणाली, खाली जाऊन काहीतरी खाऊन या, वेळ लागेल. एरवी मी त्या वेळात हॉस्पिटलचे तिन्ही मजले पालथे घातले असते. मी बसून राहिले. पर्समध्ये ती कापडाची पट्टी होती, वाकड्या काठाची. ती मी काढली नाही, आहे एवढं हातानं चाचपलं. पाय हलत होता, त्याला हलू दिलं. पण बाक सोडलं नाही. आत जाताना नान्नांनी विचारलं होतं, "हाईस ना हितंच?" आणि मी व्हय म्हणाले होते.

दोन तासांनी त्यांना बाहेर आणलं. सगळं नीट झालं होतं. मला कॉटजवळ स्टूल दिलं. नान्नांचे डोळे मिटलेले, चेहरा पांढरा, भूल अजून पुरती उतरली नव्हती. छाती मात्र हलत होती, सावकाश, वर-खाली, मी बरगड्यांवर हात ठेवून बघितलं. आणि मग त्यांचे ओठ हलले. गाल आत गेले. चट्. जरा थांबून परत, चट्.

डॉक्टरीणबाई नाडी बघत होत्या. म्हणाल्या, "हे काय करतायत?"

"माग चालवतायत," मी म्हणाले.

"गालानं नका ओढू म्हणावं."

मी नान्नांना तसं सांगितलं नाही. ते गालानं ओढत राहिले, आणि मी तिथंच बसून राहिले.